पुलाच्या पोटातलं भोक

...तर तेओफान तुळईत बोट घालून बसला होता, इथपर्यंत काल आलो होतो ना? मग कॉफी आली आणि गोष्ट तिथेच राहिली.

हां, तर बोट चांगलं मुळापर्यंत आत गेलं होतं. लोखंडाच्या तुळईत माणसाचं बोट असं जावं, ही काही बरी गोष्ट नव्हे. तेओ जुना रंग खरवडत होता; कामच ते त्याचं. सेंट जॉन नदीवरच्या आमच्या पुलाचा अमेरिकेकडचा अर्धा भाग बत्तीस वर्षं त्याने रंगवला, आणि कॅनडाकडचा अर्धा त्याचा मेहुणा ओनेझिम याने. मधोमध सरहद्दीची पितळेची पट्टी. तिच्या अलीकडे ह्याचा ब्रश, पलीकडे त्याचा. दोन्ही सरकारांनी हिरवाच रंग ठरवला, पण डबे आपापले आणले. त्यामुळे आमचा पूल काठावरून अर्धा पालकासारखा आणि अर्धा वाटाण्यासारखा दिसायचा.

ऑगस्टात दोघे रंगवत रंगवत पट्टीपाशी येऊन भिडायचे. मग पट्टीवरच जेवणाचा डबा उघडायचा. डबा ब्लांदिनचा. ती ओनेझिमची बहीण आणि तेओची बायको. डब्यात कुट्टूच्या पिठाची धिरडी. आमच्या खोऱ्यात त्यांना प्लॉय म्हणतात आणि ती एकाच बाजूने भाजतात. ती चौदा द्यायची. "सात तुझी, सात माझी," असं म्हणत ओनेझिम आठवं उचलायचा, आणि तेओ ओरडायचा, "अरे चोरा, तुझ्या देशात एक जास्त गेलं!"

लग्नाच्या दिवशी ब्लांदिन ह्याच पुलावरून नवरीच्या वेषात चालत आली होती. चौकीतल्या साहेबाने नेहमीसारखं विचारलं, "काय घेऊन आलात?" तेओ म्हणाला, "कॅनडातली सगळ्यात तोंडाळ बाई. कर किती पडेल?" साहेब काही बोलायच्या आत ब्लांदिनच म्हणाली, "कितीही पडू दे, परत घ्यायची नाहीत आमच्याकडची माणसं!"

तर ते भोक. ओनेझिम आला, वाकून बघितलं, जिभेने च्‌च्‌ केलं.

"लांबी भरून बुजव, वरून रंगाचे दोन हात मार आणि गप्प बस. हा पूल आपल्या दोघांना पुरून उरेल."

"वरून शाळेची बस जाते रे."

"चाळीस वर्षं जातेय."

तेओ संध्याकाळी घरी गेला. ब्लांदिनला विचारलं, तर ती म्हणाली, "मला काय विचारतोस? तू ठरवूनच आलायस. हात धू, जेवायला बस." दुसऱ्या दिवशी त्याने खात्याला स्वतःच्या हाताने चार ओळी लिहून दिल्या. तिसऱ्या आठवड्यात पुलाच्या दोन्ही तोंडांना पाट्या लागल्या: तीन टनांच्या वर वजन नको. मोटारी चालतील, बस, ट्रक, बंब, रुग्णवाहिका ह्यांनी वरच्या पुलाने जावं. तो पूल बावीस मैलांवर. म्हणजे जायचे बावीस, पलीकडून खाली यायचे बावीस. आणि आमचा दवाखाना तर ह्याच पुलाच्या पलीकडच्या टोकाला, ओनेझिमच्या काठावर. तेओच्या स्वयंपाकघरातून त्याचं छप्पर दिसायचं. आमच्या काठावरची निम्मी माणसं त्या छपराखाली जन्मलेली.

बटाट्याचे ट्रकवाले त्याला भेटेल तिथे छेडायचे. "काय तेओ, बोट बरंय ना? जरा कमी टोचलं असतंस!" तो हसायचा. ब्लांदिन मात्र त्यांना तिथल्या तिथे सुनवायची, "तुझा ट्रक नदीत गेला असता म्हणजे कळलं असतं!"

पुढच्या वर्षी बटाट्याच्या काढणीत, भर दुपारी, मोरीपाशी उभ्या उभ्या ब्लांदिनच्या छातीत कळ आली. रुग्णवाहिका नऊ मिनिटांत दारात. चालवणारा रेनो, शेजारच्याच गल्लीतला. मागे नळ्या सांभाळणारी एक तरुण पोरगी. रेनोला काय वाटलं कोण जाणे, त्याने गाडी सरळ पुलाच्या तोंडाशी नेऊन थांबवली. समोर पाटी. पाटीच्या वर दवाखान्याचं छप्पर.

"माझ्या मोटारीतून नेऊ का?" तेओ म्हणाला.

पोरगी म्हणाली, "नळी काढली तर दोन मिनिटं नाही काढायच्या त्या, काका."

"मग घाल गाडी पुलावर."

"पाच टन आहे," रेनो म्हणाला, आणि मागे वळला. त्याला टोमणा मारायचा नव्हता, तो खरंच विचारत होता. "काका, ते भोक तुम्ही पाहिलंय, मी नाही. पेलेल का? तुम्ही हो म्हणा, मी घालतो."

तेओने रेनोकडे पाहिलं. त्या पोरीकडे पाहिलं. ब्लांदिनचे डोळे उघडे होते, ते त्याच्याकडेच लागलेले. त्याच्या हातात तिचा हात होता, आणि त्याच हाताचं बोट त्या तुळईत मुळापर्यंत जाऊन आलेलं.

"वळव," तो म्हणाला.

चौदाव्या मैलावर, बटाट्याच्या शेतांपाशी, ब्लांदिन गेली. राहिलेले तीस मैलही रेनोने दिवा लावूनच गाडी हाणली. बंद कर म्हणायचा धीर कुणालाच झाला नाही.

ओनेझिम मातीला आला, बहिणीच्या पेटीला हात लावला आणि तेओकडे न बघता पूल ओलांडून गेला. दोन उन्हाळे बोलला नाही. तोवर शेजारी सिमेंटचा नवा पूल उभा राहिला, म्हणून जुन्याला कोणी रंगही लावला नाही. पालक आणि वाटाणा दोन्ही गंजून एकसारखे तांबडे झाले.

जुना पूल पाडायच्या आदल्या दिवशी तेओ सकाळीच पट्टीपाशी जाऊन बसला. जरा वेळाने पलीकडून ओनेझिम आला, हातात डबा. पट्टीच्या आपल्या बाजूला बसला आणि डबा उघडला. चौदा धिरडी. दोन्ही बाजूंनी भाजलेली, वर करपलेली. असलं पाप आमच्या खोऱ्यात कोणी करत नाही.

"उलटलीस?" तेओ म्हणाला.

"खालून करपायला लागली, घाबरलो."

"हिने बघितलं असतं तर नदीत ढकललं असतं."

"तुला. मी माझ्या देशात बसलोय."

दोघांनी सातसात खाल्ली. आठव्याला कोणी हात लावला नाही, कारण ते राहिलंच नव्हतं. खाली पाणी चाललं होतं. मग ओनेझिम नदीकडे बघत म्हणाला, "मी इंजिनिअरला गाठून विचारलं. तो म्हणतो, त्या दिवशी पेललंही असतं कदाचित. नसतंही."

तेओने रिकाम्या डब्याला झाकण लावलं.

"मला एक सांग. ते भोक आज नव्याने सापडलं असतं, सगळं माहीत असताना, तरी लिहून दिलं असतंस?"

तेओने बोटाला लागलेलं पीठ विजारीला पुसलं आणि म्हणाला, "दिलं असतं. पण आधी ब्लांदिनला हाताला धरून ह्या पुलावरून चालवत आणली असती, तुझ्या घरी ठेवली असती, आणि मग लिहिलं असतं."