मोरपिसाऱ्याचा नवरदेव

वडीगोद्रीला हायवेच्या कडेला बद्रीनाथचं लग्नपत्रिका छापायचं दुकान. त्यातली निम्मी कामं त्याची लेक रूपालीच करायची. तिला बघायला बरीच स्थळं येऊन गेलेली. पोरानं पोहे खात पोरीचं तोंडभर कौतुक करायचं आणि नजर मात्र कपाटाच्या काचेत, स्वतःच्या भांगावर. एकदा वैतागून तिनं तेच चित्र काढलं: मोराचा पिसारा लावलेला नवरदेव, हातात आरसा, जिभेवरून मध गळून राह्यलाय थेट सासऱ्याच्या ताटात. उरल्यासुरल्या कागदावर छापून तिनं ते मैत्रिणींत वाटलं. पोरी हसून हसून बेजार.

मंग कुणीतरी त्याचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकला, आणि खाली एकानं लिहिलं, हा तर हरिओम.

हरिओम मागच्या महिन्यातच तिला बघून गेल्ता. त्याची टिंगल करणाऱ्या एका मोबाईलवाल्याचं दुकान कुणी फोडलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नाव मात्र कुणी घेत नव्हतं. बद्रीनाथनं शटर अर्धं ओढलं. आई उषाबाई म्हणाली, जांबला मावशीकडं जाऊन राहा. रूपाली गेली नाही. बाहेर गाडी थांबली की हातातला कागद टाकून ती मागं सरायची.

दोन-चार दिवसांनी भरदुपारी तो आलाच, एकटा. बद्रीनाथ हात जोडून म्हणाला की पोरीचं चुकलं. हरिओमनं तिकडं बघितलंसुद्धा नाही. काउंटरवरच्या रद्दीतली त्या चित्राची एक प्रत उचलून बराच वेळ बघत राहिला. मग रूपालीकडं बघून हसला.

"तुमच्या हातात जादू हाय. अशी गुणी पोरगी आमच्याच घरात पाहिजे. रविवारी माणसं पाठवतो."

तो ओरडला असता तर बरं, असं रूपालीला वाटलं. बापाचा चेहरा सैल पडलेला तिला दिसला. तो आता हो म्हणणार.

"न्हाई," ती म्हणाली. "मला तुमच्याशी लग्न करायचं न्हाई."

हरिओमचं हसू तसंच राहिलं. चित्राची घडी करून त्यानं खिशात घातली. "बघू," एवढंच म्हणून तो गेला.

अजून तरी काही झालेलं नाही. त्या दिवशी संध्याकाळी बद्रीनाथनं तिचं छपाईचं टेबल रस्त्यावरून दिसणार नाही अशा मागच्या खोलीत नेलं, दाराला आतून नवी कडी बसवली आणि म्हणाला, "काम बंद करू नको."