जावेच्या हँडलवरचा नकाशा

रविवारी पहाटे सायकली घेऊन निघणाऱ्या पाच-सहा जणांत थोरली जाऊ कायम पुढे असायची. आठवडाभर ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची आणि रविवारी सगळ्यांना हिंडवून आणायची. कुठला पूल बंद आहे, कुठल्या वळणानंतर चढ लागतो, सगळं तिला तोंडपाठ. "ताई, आता कुठे?" असं मागून कोणी विचारलं की तिच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. धाकट्या जावेला सायकल शिकवली तीही तिनेच. सीट धरून मागे पळताना स्वतःचा घोटा मुरगळून घेतला होता.

मग धाकटीच्या वाढदिवसाला तिच्या नवऱ्याने जीपीएस आणलं. हँडलवर बसणारं, रंगीत नकाशाचं, वळण आलं की टुणकन वाजणारं. पहिल्याच रविवारी त्यांच्यातले गणिताचे निवृत्त मास्तर सायकल धाकटीच्या बाजूला नेऊन म्हणाले, "मग, आता कुठे?" थोरली पुढे होती. तिने ते ऐकलं आणि मागे वळून न बघता पायडल जोरात मारलं.

तेव्हापासून त्या टुणकन आवाजाने तिच्या डोक्यात तिडीक जाऊ लागली. तिचा नवरा म्हणाला, "तुलाही घेऊ की एक."

"मला कशाला? मला रस्ते येतात."

दुसऱ्या दिवशी दुकानातून अर्धा तास लवकर सुटून ती सायकलवाल्याकडे गेली. धाकटीचंच यंत्र काचेच्या कपाटात होतं. किंमत ऐकून तिने पर्सवरचा हात काढून घेतला.

"लांब जाता का?" सायकलवाल्याने विचारलं.

"दिवस-दिवस जाते."

"मग रंग कशाला हवेत? उन्हात दिसलं पाहिजे आणि संध्याकाळपर्यंत टिकलं पाहिजे." त्याने काडेपेटीपेक्षा थोडंसं मोठं, काळ्या-पांढऱ्या पडद्याचं एक यंत्र पुढे ठेवलं. "यात नकाशा नाही. फोनवर रस्ता आखायचा आणि यात घालायचा. ती रेघ दिसते, बाण म्हणजे तुम्ही. बटणं आहेत, हातमोजे घालूनही दाबता येतात."

थोरलीने ते उलटसुलट करून पाहिलं. मग आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं, "आणि त्या मोठ्यात वाईट काय आहे?"

"चार्जिंग. नकाशा सतत चालू ठेवला तर दुपारनंतर मान टाकतं."

तिने ते छोटं यंत्र लगेच घेतलं.

पुढच्या रविवारी धरणापर्यंत जायचं होतं. थोरलीने आपलं यंत्र पुढच्या पिशवीच्या आड, कोणाला दिसणार नाही असं लावलं. धरण बघून झालं, डबे खाऊन झाले. तिचं लक्ष सारखं जावेच्या हँडलकडे. परतीला धरलेल्या नव्या वाटेवर एका फाट्याशी तो रंगीत पडदा काळा झाला. धाकटी बटण दाबत राहिली. तिचा चेहरा रडवेला झाला, आणि थोरलीच्या मनाला गारेगार वाटलं.

"माझ्या मागे या," ती म्हणाली आणि डावीकडे वळली.

बाण रेघेवरून मुकाट चालला होता. पण रेघ आखली होती थोरलीनेच, घाईघाईत. बऱ्याच वेळाने रस्ता एका खडीच्या खाणीच्या बंद फाटकाशी जाऊन थांबला. फाटकाला कुलूप होतं. मास्तर बाटली काढून पाणी प्यायले. थोरलीचे कान तापले.

धाकटी सायकल टेकवून जवळ आली. पिशवीआडचं यंत्र तिला आता दिसलं. "ताई, आपण आलो ती वाटही यात उमटलीय ना? मग फाट्यापर्यंत तिच्यावरूनच मागे जाऊ."

तसंच गेले. फाट्यावरून दुसरा रस्ता धरला आणि दिवस मावळायच्या आत गावाबाहेरच्या चहाच्या टपरीवर पोचले. थोरली हात धुऊन आली तेव्हा छोटं यंत्र धाकटीच्या हातात होतं आणि मास्तर म्हणत होते, "धाकटीने बरं शोधून काढलं हे. स्वस्त आणि मस्त."

"माझं आहे ते," थोरली म्हणाली. जरा मोठ्यानेच. टपरीवाल्यानेही मान वर केली.

"ताईंचंच आहे," धाकटी शांतपणे म्हणाली. "असलं काही मिळतं हे मला माहीत असतं तर मी यांना हेच आणायला सांगितलं असतं."

ती मनापासून बोलली की सांभाळून घ्यायला, हे थोरलीला कळेना. चहा घेताना तिने जावेच्या तोंडाकडे दोन-तीनदा निरखून पाहिलं.

घरी अंगणात सायकली लावताना धाकटी म्हणाली, "पुढच्या वेळी रस्ता तुम्ही आखा, मी माझ्या नकाशावर तपासते. फाटक-बिटक असेल तर आधीच कळेल."

तपासणार म्हणे! थोरलीच्या ओठांवर तिखट उत्तर आलं होतं. पण खाणीचं कुलूप अजून डोळ्यांसमोर होतं.

"शनिवारी बसू," ती म्हणाली. धाकटीने आपलं यंत्र चार्जिंगला लावलं, तसा पडदा निळ्या-हिरव्या रंगांत उजळला. थोरली तो बघत उभी राहिली. तिला तो अजूनही हवाच होता.