साडूंचं पहिलं पान

आलेल्या गिऱ्हाइकाला इतक्या मनापासून परतवून लावणारा दुकानदार अख्ख्या पनवेलमध्ये दुसरा झाला नाही. मी मोजूनमापून बोलणारा माणूस आहे, म्हणून पनवेलपुरतंच म्हणतो. खारघरची दुकानं मी पाहिलेली नाहीत. हा दुकानदार म्हणजे माझे साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, यजमान. उरण नाक्याजवळच्या एका गाळ्यातून ते रुग्णांच्या खाटा, चाकाच्या खुर्च्या, हवेच्या गाद्या भाड्याने देत. डोक्याकडची बाजू वर-खाली होणारी लोखंडी खाट कुणी मागायला आलं की साडू आधी विचारणार, "खरंच लागणार आहे का? घरच्या पलंगावर दोन उशा लावून बघितल्या?" निम्मी माणसं उशा लावून बघायला घरी जात, आणि त्यांतली बरीचशी परत येत नसत.

गेली दोन वर्षं मात्र येणारेच आटले. घरात कुणी आजारी पडलं की लोक आता शेजाऱ्याला विचारत नाहीत, फोनवर शोधतात, आणि शोधलं की सगळ्यांत वर येतं ते हायवेलगतचं एक मोठं दुकान. साडूंची वेबसाइट होती, पण चौथ्या पानावर. आजाऱ्याच्या घरचं माणूस तिथवर कशाला जातंय? गाळ्याचा करार दिवाळीला संपत होता. तोवर फोन वाढले नाहीत तर दुकान बंद करायचं, असं दोघा नवराबायकोंनी ठरवून टाकलं होतं. शेवटचा उपाय म्हणून ताईंनी खारघरचा एक तरुण शोधून आणला. लोकांच्या साइट वर आणून देणं हाच त्याचा धंदा.

"सर, महिना पंधरा हजार. सहा महिन्यांत पहिलं पान."

"आणि पैसे द्यायचे थांबवले की?"

"मग सर... हळूहळू खाली येणार."

"म्हणजे भाड्याची जागा झाली! भाड्याचं आपल्याला नको बुवा काही."

"अहो," गल्ल्यामागून ताई म्हणाल्या, "मग आपण इथे काय विकतो, पेढे?"

तर साडूंनी हे काम स्वतःच करायचं ठरवलं. लोकांना उपयोगी पडेल असं साइटवर लिहीत राहिलं की ती आपोआप वर सरकते, असं त्यांच्या वाचनात आलं होतं. 'उपयोगी' हा शब्द त्यांनी फार मनावर घेतला. खिशात मोजपट्टी घालून ते नवीन पनवेलच्या इमारती हिंडू लागले. लिफ्टची रुंदी, जिन्याचं वळण, दाराची चौकट. दोन ठिकाणी वॉचमनने त्यांना बसवून ठेवलं. मग एकेका इमारतीवर एकेक पान: 'या सोसायटीच्या लिफ्टमध्ये मोठी खाट मावत नाही. जिन्याने न्यायला चार माणसे लागतील. शक्य असल्यास पेशंटला तळमजल्यावरच्या नातेवाइकांकडे ठेवावे.' हवेच्या गादीच्या पानावर तिच्या फायद्यांना दोन ओळी, आणि ती कुणी घेऊ नये याचं दीड पान विवेचन.

मी म्हटलं, "दादा, हे वाचून येणार कोण?"

"ज्याला खरंच गरज आहे तो येईल."

असे किती, हा माझा पुढचा प्रश्न त्यांना क्षुद्र वाटला असावा.

खारघरच्या तरुणाने जाताजाता एक फुकटचा सल्ला दिला होता. लोकांकडून रिव्ह्यू लिहून घ्या, पाच स्टार, आणि खाट परत आणायला जाल तेव्हाच मागा. मी घरचा माणूस म्हणून लगेच पाच स्टार ठोकून दिले. संध्याकाळी साडूंचा फोन.

"काढा ते."

"अहो, तेवढीच मदत..."

"तुम्ही आजारी कधी पडलात? उद्या तुमच्या भरवशावर कुणी खाट नेली म्हणजे?"

काढले.

गणपतीनंतरच्या एका रविवारी जासईहून एक खाट परत आणायची होती. हाताखाली कुणी उरलं नव्हतं, म्हणून टेम्पोत मी बसलो. निघताना ताईंनी बजावलं, "आज रिव्ह्यूचं विचाराच. दिवाळी तोंडावर आलीय." खाट एका म्हाताऱ्या आईसाठी नेलेली, आणि ती त्याच आठवड्यात गेली होती. ओटीवर खाट धुऊनपुसून उभी केलेली. पन्नाशीचा मुलगा स्वतः ती टेम्पोपर्यंत उचलायला आला.

"आय सुखात गेली बघा," तो म्हणाला. "डोक्याकडशी वर केली का तिला खोकला येत नव्हता. दादा, आमी आनखी काय द्यायचा हाय का?"

साडूंनी तोंड उघडलं.

"नाही," ते म्हणाले. "तुम्ही जेवलात का?"

परतीच्या वाटेवर साडू एकदम म्हणाले, "कशाचे स्टार मागायचे हो त्याच्याकडे? आई गेली, पण खाट छान होती, याचे?" मी घरी येऊन विचार केला. बरा झालेला माणूस खाटेचं नाव काढत नाही आणि बरा न झालेल्याच्या घरी विचारता येत नाही. शिल्लक शून्य. हायवेवरचे लोक मात्र विचारत असणार.

दिवाळीला गाळा सोडला. खाटा त्याच हायवेवरच्या दुकानाने घेतल्या. पाटी उतरवताना ताई रडल्या. साडू पाटीचे स्क्रू डबीत भरत राहिले. साइटची कुणाला आठवणच राहिली नाही, आणि होळीच्या सुमारास ती वर यायला लागली. आता पनवेलमध्ये रुग्णाची खाट शोधा, पहिल्या पानावर आमचे साडू. सहा महिने आधी आले असते तर गाळा वाचला असता. मोठ्या दुकानालाही खाली ढकलून ते तिथे बसलेत, आणि द्यायला एक उशीसुद्धा नाही.

फोन रोज येतात. साडू प्रत्येकाला मजला विचारतात, लिफ्ट विचारतात, कोणती खाट घ्यायची ते सांगतात आणि हायवेवरच्या दुकानाचा पत्ता देतात. मी एकदा स्पष्टच बोललो, "दादा, साइट बंद करा. तिच्या नावाचे पैसे अजून भरताय ते कशासाठी?"

परवा त्यांच्याकडे जेवायला होतो. ताईंनी वरण वाढलं आणि फोन वाजला. "झालं सुरू," ताई म्हणाल्या आणि साडूंच्या ताटावर दुसरं ताट उपडं घातलं. साडू उजवा हात खरकटा तसाच धरून गॅलरीत गेले. पलीकडे कुणी मुलगी असावी. तिचं भरभर, मध्येच अडखळणारं बोलणं आम्हाला आतपर्यंत ऐकू येत होतं. साडूंनी दुकान बंद झाल्याचं तिला सांगितलं नाही.

"आधी खाली बस बघू," ते म्हणाले. "बसलीस? हं. आता सांग, कोण आजारी आहे?"