नाही न म्हणणारे काका

मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये माझ्या बरोबर खालच्या, तिसऱ्या मजल्यावरचे काका कुणालाच नाही म्हणत नाहीत. प्रश्न संपायच्या आत त्यांची मान डोलते. परवा मानसशास्त्राची एक विद्यार्थिनी संशोधनासाठी त्यांच्याकडे आली, तेव्हा मीही तिथे चहाला होतो.

"आरशातला माणूस कधी अनोळखी वाटतो?"

"वाटतो ना!"

"आपण शरीराबाहेर आहोत असं?"

"रोजचंच, बाळा."

पोरगी घाबरली. मी कुजबुजलो, "काका, थापा कशाला?"

"अहो, एवढे जिने चढून आलीय. रिकाम्या हाताने पाठवू?"

मग तिने मलाही तेच विचारलं, वर 'स्वतःचं घर ओळखू येत नाही असं होतं?' हेही. मी मात्र प्रत्येक प्रश्नाला ठणकावून 'कधीच नाही' म्हटलं.

त्याच संध्याकाळी भाजी घेऊन परतलो, तर दाराला किल्लीच लागेना. दार आतून काकांनी उघडलं; मी एक मजला आधीच थांबलो होतो.

"या ना, आपलंच घर!"

"काका, त्या पोरीला हे सांगू नका हं."

"छे हो, नाही सांगणार," म्हणताना त्यांची मान होकारार्थीच डोलत होती.