वेशीबाहेरची गोळी

गावपळणीला निघताना आई घराला कुलूप लावायची आणि बाबा शर्टाचा डावा खिसा चाचपायचे. गोळ्यांची पट्टी आहे ना, एवढंच बघायचे. मग बाबा, आई, मी, दोन शेळ्या आणि टोपलीत कोंबलेल्या कोंबड्या अशी आमची वरात वेशीकडे निघायची. मालवणजवळच्या आमच्या गावात दर काही वर्षांनी देवाचा कौल घेऊन अख्खा गाव घरं सोडतो. तीन दिवस, तीन रात्री गावात माणूस नाही, कुत्रं नाही, पेटती चूल नाही. वेशीबाहेरच्या माळावर माडाच्या झापांच्या खोपी घालून राहायचं आणि देवाने पुन्हा कौल दिला की परतायचं. घर सोडायला मी शिकले ती अशी, परत यायचं नक्की असताना.

अकरा वर्षांपूर्वी इंग्लंडला निघाले तेव्हा माझी गाडीही त्याच वेशीवर थांबली. बाबा तिथवर आले, पुढे आले नाहीत. रडले वगैरे नाहीत. सवयीने खिसा चाचपला आणि म्हणाले, "पोचलंस काय फोन कर." कौल घ्यायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

बाबांना फिट यायची, लग्नाच्याही आधीपासून. दिवेलागणीनंतर एक बारीक पिवळी गोळी हा आमच्या घरचा नेम होता. त्या गोळीच्या जिवावर त्यांनी भातशेती केली, माड राखले, मला शिकवलं. मला अक्षरं कळायच्या आधी ती पिवळी गोळी कळत होती. पुढे मी फार्मसीला गेले तेव्हा आई सगळ्यांना सांगत सुटली, हिला बापाची पट्टी आणायचा कंटाळा आला म्हणून ही स्वतःच दुकान घालणार. दुकान घातलं नाही. इथे दुसऱ्याच्या दुकानात काउंटरमागे उभी असते.

काउंटरवर माझं एक वाक्य ठरलेलं आहे. म्हातारी माणसं नवं खोकं उघडतात आणि गोळी बघून घाबरतात. काल गुलाबी होती, आज पांढरी कशी? मी सांगते, औषध तेच, कंपनी वेगळी. आणि बहुतेक वेळा ते खरंच असतं. आतलं औषध तेच, तेवढंच, फक्त रंग आणि गोळी बांधायची भुकटी ज्याची त्याची. मनातल्या मनात म्हणते, बांगडो तोच गो, तिकला ज्याच्या त्याच्या घरचा. पण समोर उभ्या मार्गारेटबाईंना बांगडा काय आणि त्याचं तिखट कालवण, तिकला काय. मग इंग्रजीत हसून पिशवी हातात देते.

दोन वर्षांपूर्वीच्या गावपळणीत आईने सगळं नेलं. तांदूळ, सुकी मासळी, मांजर, मोबाईलचा चार्जर, तोही माळावर वीज नसताना. राहिली ती गोळ्यांची पट्टी. बाबांनी शर्ट धुवायला टाकला होता आणि पट्टी देवाच्या फळीवर काढून ठेवली होती. संध्याकाळी खोपीत बसल्यावर खिसा चाचपला तेव्हा कळलं. घर हाकेच्या अंतरावर होतं. पण वेशीच्या आत पाऊल टाकायचं नाही म्हणजे नाही. शेजारचा विष्णूदादा म्हणाला, औषधासाठी देव रागावणार नाही, पटकन जाऊन येतो. बाबांनी त्याला हात धरून खाली बसवलं. म्हणाले, "देवान सगळ्यांका भायर काढल्यान, माझ्या पट्टीसाठी भुतूर कोणाक धाडू?" शेवटी विष्णूदादा मोटरसायकलवरून पलीकडच्या गावातल्या मेडिकलमधून गोळ्या घेऊन आला. नाव तेच, मिलिग्रॅमचा आकडा तोच. कंपनी दुसरी, गोळी पांढरी आणि लांबट.

त्यांचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा इथे दुपार होती आणि काउंटरसमोर सहा माणसं उभी होती. बाबांनी गोळी कॅमेऱ्यासमोर धरली.

"बाय, ही आमची न्हय."

"तीच आसा बाबानू, फक्त कंपनी येगळी. घेवा."

"बरा तर. तू सांगलंस म्हणजे तीच."

त्यांच्या मागे खोपी दिसत होत्या, कुणीतरी भजन सुरू केलं होतं. मला थोडं थांबायचं होतं. तिथलं ऐकायचं होतं. पण रांगेतलं कुणीतरी खाकरलं आणि मी फोन ठेवला.

चौथ्या दिवशी सकाळी बाबा एकटेच ओहोळावर आंघोळीला गेले आणि तिथे त्यांना फिट आली. चाळीस वर्षांनी. कातळावर हनुवटी आपटली, तोंड पाण्यात गेलं. विष्णूदादा मागोमाग कळशी घेऊन गेला नसता तर बाबा आज नसते. आईने फोनवर मला दोष दिला नाही. एवढंच म्हणाली, "तुझ्या शब्दार घेतल्यान गो." त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं.

डॉक्टर म्हणाले, गोळीमुळेच झालं असं सांगता येत नाही, उघड्यावरची झोपमोडही असेल. पण फिटच्या औषधाची कंपनी शक्यतो बदलू नये. हे मला ठाऊक नव्हतं का? दुकानात अशा पेशंटची कंपनी बदलायची वेळ आली तर मी आधी डॉक्टरांना फोन करते. त्या संध्याकाळी गोळी चुकवण्यापेक्षा घेणंच बरं होतं, तेवढं माझं बरोबर होतं. पण उद्या मालवणातून आपली मागवा, तोवर पाण्याकडे एकटे जाऊ नका, ही दोन वाक्यं मी बोलले नाही. मार्गारेटबाईंना मी पाच मिनिटं देते. बाबांना दुकानातलं ठरलेलं वाक्य दिलं.

त्याच दुपारी देवाने कौल दिला. हनुवटीला सहा टाके असलेले बाबा सगळ्यांबरोबर चालत घरी गेले. आईने दार उघडलं, आणि पट्टी फळीवर होती तिथेच होती.

तुम्ही जे गावाला राहिलात आणि माझ्यासारखे जे बाहेर पडलात, तुम्हा सगळ्यांनाच हे सांगावंसं वाटलं. इतकी वर्षं मी स्वतःलाही तेच सांगत आले. इथेही तांदूळ मिळतो, कोकम मिळतं, माणसं चांगली आहेत, म्हणजे घर तेच, कंपनी वेगळी. आता हे बोलताना जीभ अडते. आकडा जुळतो आणि तरीही अंगाला कळतं की ही आमची नव्हे. मला घरी जावंसं वाटतं. रोज वाटतं.

त्या दिवसापासून बाबा रोज दिवेलागणीला फोन लावतात. मी काउंटर सोडून आत जाते, रांग थांबते. ते पिवळी गोळी कॅमेऱ्यासमोर धरतात, मी हो म्हणते, मग ते गिळतात. परवा गिळून झाल्यावर फोन ठेवेनात. हनुवटीवरचा व्रण चोळत बसले. मग म्हणाले, "आमका तीन दिवसांनी देवान घराक धाडल्यान. तुझी गावपळण लय लांबली गो बाय. तुका कौल कधी मिळतलो?"

बाहेर रांगेत कुणीतरी खाकरलं, तरी मी फोन ठेवला नाही. शेवटी बाबाच खिसा चाचपून आत गेले.