इंजिनाची पाठवणी

माझ्या सगळ्या पोस्टिंग देशाच्या कडेला झाल्या. शेवटची कामगिरी तेवढी माझ्या मुलखात निघाली. मी अर्धापूरचा. केळीच्या बागेतून भरतीला गेलो आणि इंजिनिअर्समध्ये नाईक झालो. हुकूम असा होता: लातूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यातून वाफेचं जुनं इंजिन उचलायचं आणि आमच्या ट्रेनिंग सेंटरला पोचवायचं. तिथे ते स्मारक म्हणून चौथऱ्यावर उभं राहणार होतं. डिटॅचमेंटचे कमांडर हवालदार बसप्पा, उदगीरकडचे. मराठी बोलणारे आम्ही दोघेच.

इंजिन छोट्या गेजचं. महायुद्धात तोफगोळे ओढायला बनवलेलं. पुढे डेपोत शंटिंग, मग लिलाव, मग या कारखान्यात उसाच्या वाघिणी. थकल्यावर त्याला जागेवर उभं करून नुसती वाफ घेतली. आता तीही नको होती. हंगामाआधी यार्ड रिकामं हवं होतं. आम्ही त्या दिवशी नेलं नसतं तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला गॅसकटर घेऊन येणार होता. लढून आलेल्या लोखंडाला आपल्याकडे हेच पेन्शन. माणसांचं वेगळं असतं असं मला वाटत नाही.

सकाळी यार्डात पोचलो तेव्हा धुकं होतं. मळीचा गोड, आंबूस वास हवेत थांबून राहिला होता. इंजिनाची चिमणी तेवढी दिसत होती. बाकी सगळं पाण्याखाली गेल्यासारखं. दुरून वाटलं, ते जमिनीला टेकलेलंच नाही. जवळ गेलो तर कपाळाला हळद, वाघिणी जोडायच्या पुढच्या आकड्यात हिरवा चुडा आणि खण. कामगारांच्या बायका ओटीचे तांदूळ घेऊन उभ्या होत्या.

"हे काय, चाचा?" बसप्पांनी विचारलं. रसूलचाचांनी उभी हयात या इंजिनात कोळसा टाकला होता.

"पाठवणी. तुमच्या गावात लेक तशीच धाडतेत का?"

"तुमच्यात चालतंय व्हय हे?"

"मी कुठं करून राहिलो? बायामाणसं करतेत. मी नुसता बाप हाय."

बायका हसल्या. एक म्हणाली, "बाप लई रडलाय रातीपासून." चाचा म्हणाले, "धूर गेला डोळ्यात." इंजिन शेवटचं पेटल्याला दोन वर्षं झाली होती.

आम्हाला एक गोष्ट ठाऊक नव्हती. आठवड्यापूर्वीच्या पाहणीत चाकं जाम होती, म्हणून प्लॅन सरळ होता: विंचच्या तारेने घसरत ट्रेलरवर ओढायचं. जाम चाक मागे पळत नाही. पण नंतरचा आठवडाभर चाचा रोज त्या चाकांच्या ॲक्सलबॉक्समध्ये तेल सोडत होते आणि पहारीने चाकं हलवत होते. नवरीला तेल-हळद लागते, तसं. लेक फरफटत जाऊ नये, एवढंच त्यांच्या मनात. आम्ही ते कसं नेणार हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. कामगाराला सांगतं कोण?

नऊ चाळीसला विंच सुरू झाली. मी विंचवर, हातात वॉकीटॉकी. बसप्पा इंजिनामागे, खांद्यावर चाकाखाली सारायचा बाभळीचा गुटका. लोड कसलाही असो, ते गुटका घेऊन मागे चालायचे.

"उस्ताद, मुर्दा भागेगा क्या?" ट्रेलरचा ड्रायव्हर त्यांना चिडवायचा.

"तू तुझं स्टिअरिंग बघ, तम्मा." धाकट्यांना ते कानडीत असंच म्हणायचे, भावासारखं.

इंजिन रॅम्पवर चढलं. फार हलकं चढलं. मी रेडिओवर म्हणालो, "हवालदारसाब, चाकं फिरतायत. ओव्हर."

"बघतोय. विंच रोक. पब्लिकला मागं..."

विंच थांबवली. त्या झटक्याने तार इंजिनाला जोडणाऱ्या शॅकलची पिन तुटली.

इंजिन क्षणभर जागच्या जागी राहिलं. मग मागे निघालं. आवाज नाही. चाकांना इतकं तेल होतं की करकरसुद्धा नाही. धुक्यात ते झोपेत चालल्यासारखं खाली येत होतं, आकड्यातला चुडा किणकिणत होता. रॅम्पच्या पायथ्याशी बायका जवळ सरकल्या होत्या, कारण त्यांना ते जाताना बघायचं होतं.

"हवालदारसाब, हटो! ओव्हर!"

"बाया हायत मागं," रेडिओवर एवढंच आलं.

त्यांनी गुटका डाव्या चाकाखाली सारला आणि खांद्याने दाबून धरला. चाक त्यावर चढलं, इंजिन तिरपं झालं आणि रॅम्पच्या कडेला टेकून थांबलं. कडेच्या आणि चाकाच्या मध्ये बसप्पा होते. बायकांपासून इंजिन हातभर लांब. तांदूळ सगळीकडे सांडले होते. लातूरला पोचायच्या आत बसप्पा गेले.

चौकशीत विचारलं, "तेल किसने डाला?" चाचा पुढे झाले. "मी." मी माझ्या जबानीत लिहिलं की या माणसाला सांगायचं काम आमचं होतं. ते वाक्य गाळावं असं मला सुचवण्यात आलं. मी गाळलं नाही.

इंजिन आज सेंटरच्या चौथऱ्यावर आहे. काळं कुळकुळीत. पितळी पाटीवर वजन आहे, बनवल्याचं साल आहे, ते कुठल्या आघाडीवर धावलं ते आहे. बसप्पांचं नाव नाही. शहिदांच्या भिंतीवरही नाही, कारण अपघात. मी अजून अर्ज करतो.

पुढच्या हंगामात कारखान्याने मला बॉयलरच्या अग्निप्रदीपनाला बोलावलं. या पूजेला जोडपं बसतं. कामगारांनी सांगितलं, यंदा हवालदारांची बायको, महादेवीवहिनी बसतील.

"जोडपं लागतं," एक संचालक म्हणाले.

"मग दोन पाट मांडा," रसूलचाचा म्हणाले. "आपल्या चार बाया घरी परत आल्या त्या दिवशी, त्याचं देणं हाय हे."

पाट मांडले. वहिनी एका पाटावर बसल्या. संकल्प सांगताना पुजाऱ्याने यजमानाचं नाव विचारलं. मी सांगायला पुढे झालो, कारण वहिनींच्या पिढीतली बाई नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाही.

त्यांनी हाताने मला थांबवलं. पदर सावरला.

"हवालदार बसप्पा मल्लप्पा," त्या म्हणाल्या. शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं.

आवारात गेटवरचे, गोदामावरचे, निवृत्त फौजी वॉचमन उभे होते. कुणीही हुकूम दिला नाही. सगळे सावधान झाले.

वहिनींनी बॉयलर पेटवला.