देवघरावरचं यूनानी घुबड

"घुबड माझ्या दारावर बसणार असंल, तर दिवाळी मी माहेरी करीन," सुगनबाई नवऱ्याला म्हणाली, आणि परसात चुना घोटत बसलेल्या चतुराबाईचा हात थांबला.

रझाकारी सरून तीन वर्षं झाली होती. अंबडच्या पेठेत गिरधारीलाल शेठनं नवं घर बांधलं आणि रंगवायला चतुराबाईला बोलावलं. पेठेतल्या निम्म्या भिंती तिच्याच हातच्या. शाळेचं तोंड तिनं पाहिलं ते फक्त शाळा रंगवताना. पण यंदा शेठनं हैदराबादेहून एक जुनं मासिक आणलं होतं. त्यात यूनान, म्हणजे ग्रीस देशातल्या पडक्या देवळांची चित्रं. उंच दगडी खांब, काटकोनात वळत आपल्यातच शिरून पुन्हा बाहेर येणारी नक्षीची पट्टी, आणि एका जुन्या नाण्यावर डोळे वटारलेलं घुबड. खांब परवडणारे नव्हते. पट्टी बैठकीत पाहिजे होती, अन् घुबड बराबर बाहेरच्या दारावर.

यूनान चतुराबाईला हकिमाच्या काढ्यापुरता ठाऊक. काढा कडू असला तरी गुण देतो, एवढ्यावर त्या देशाबद्दल तिचं मत चांगलंच होतं.

आत शेठ समजावत होता की तिकडं घुबड शहाणपणाच्या देवीचं असतं. घरात शहाणपण असंल तर ते दारावर कशाला टांगायचं, असं सुगनबाईनं विचारलं. मंग शेठ चिडला. चतुराबाई तुझ्याच बाजूनं बोलणार, तिला राहू दे, औरंगाबादहून पेंटर आणतो म्हणाला.

चतुराबाईनं ते परसातून ऐकलं. पेंटर एकदा पेठेत शिरला की तिच्या वाट्याला गोठे तेवढे उरणार.

चुन्याचं भांडं उचलून ती बैठकीत गेली. निळीत बुडवलेलं सूत भिंतीवर ताणून तिनं रेघ मारली आणि बोटांनी मोजत पट्टी चालू केली. चार बोटं पुढं, चार वर, दोन मागं. घाण्याच्या बैलासारखी फिरत फिरत पट्टी तिसऱ्या दिवशी बैठकीला वेढा घालून आली. दाराशी मात्र तिनं वीतभर जागा कोरी सोडली.

शेठनं चित्रावर बोट ठेवलं. तिथं रेघ कुठंच तुटलेली नव्हती.

"तिकडची देवळं पडलीच की, शेठ," चतुराबाई म्हणाली. "वाट न्हाई ठेवली तर लक्ष्मी येणार कुठून?" तिच्या सासूची शिकवणच तशी. रांगोळीचा चौक चारी बाजूंनी बंद करायचा नाही.

शेठ चित्रातल्या पडक्या खांबांकडं पाहत राह्यला. तेवढ्यात तिनं घुबडाचंही उरकून घेतलं.

"बाहेर बसलं तर ते घुबड. आत देवघरावर, देवाकडं पावलं करून काढलं, तर लक्ष्मीचं वाहन. घरी आलेलं."

सुगनबाईनं नाण्याचं चित्र जवळ ओढलं. मंग तिनं विचारलं, डोळे जरा लहान काढता येतील का? शेठ म्हणाला, बिलकुल न्हाई, नाण्यावर मोठे आहेत.

"काजळ घालते," चतुराबाई म्हणाली. "मोठे बी राहतील, भ्याव बी वाटणार न्हाई."

असं ते यूनानी घुबड बाळासारखं काजळ घालून देवघरावर बसलं. पेंटरचं नाव पुन्हा निघालं नाही. पुढच्या दिवाळीला पेठेतल्या सात घरांनी घुबड सांगितलं, आणि वाट सोडलेली पट्टी तर अंबडची चालच झाली. दरसाल धनतेरसच्या आदल्या दिवशी चतुराबाई यायची आणि घुबडाचं काजळ नवं करायची. स्टूल धरायला सुगनबाईच लागायची, दुसरं कुणी चालायचं नाही.

साठ सालची दिवाळी तिची शेवटची. ते तिला ठाऊक नव्हतं, आणि एवढं शहाणं घुबड, त्यानंही सांगितलं नाही. उजवा डोळा झाला, डावा झाला. सुगनबाई म्हणाली, डावा जरा मोठा झाला. चतुराबाई म्हणाली, त्या डोळ्यानं ते तुमच्याकडं बघतं. खाली उतरून तिनं दाराजवळची कोरी जागा मोजली. वीतभर भरली. मंग कुंचा धुतला, सुगनबाईनं दिलेल्या चकल्या पदरात बांधल्या आणि ती पुढच्या घरच्या घुबडाकडं निघाली.